वसईला जाण्यापूर्वी

तेलीबाग, लखनौ

चि. मनू,

परवा फोनवर तू एका दमात बेत सांगितलास. मे महिन्यातला एक रविवार, भाईंदरहून निघायचं, वसईचा किल्ला, विजयदिनाचा कार्यक्रम, तिथून वज्रेश्वरी, गरम पाण्याची कुंडं, येताना समुद्रकिनारा आणि रात्री घरी. बेत ऐकून काकूला आनंद झाला, कारण वसई तिचं माहेर. मलाही झाला. पण तुला थोडं नीट सांगायला हवं असं वाटलं, आणि फोनवर ते होत नाही, म्हणून हे पत्र.

आधी वज्रेश्वरी यादीतून काढून टाक. नकाशावर ती जवळ दिसते, पण ती भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी आहे. मे महिन्यातल्या रविवारी तो रस्ता तुझा अर्धा दिवस खाईल. शिवाय तिथली मोठी यात्रा चैत्र अमावास्येला भरते, ती नेमकी तुझ्या रविवारी असेलच असं नाही. चिमाजी आप्पांनी वसई मिळाली तर देवीचं देऊळ बांधीन असा नवस केला होता आणि त्या नवसाचं हे देऊळ, अशी परंपरा आहे. त्यामुळे वसई आणि वज्रेश्वरी एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे खरं. म्हणूनच तिच्यासाठी वेगळा दिवस ठेव. एका दिवसात एक गाव पुरे. मी सैन्याच्या वैद्यकीय विभागात होतो तेव्हा बदल्यांच्या निमित्ताने पुष्कळ गावं पाहिली. त्यातली जी घाईत पाहिली त्यांची आज नावंच तेवढी आठवतात.

आता सणाचं. तुला पोर्तुगीज वळणाचा सण पाहायचा आहे असं म्हणालास, तर हे समजून घे. पोर्तुगालमध्ये उन्हाळी सणांचा महिना जून. १३ तारखेला संत अँथनी, २४ ला संत जॉन, २९ ला संत पीटर. तिकडे तेव्हा कडक उन्हाळा, लोक रस्त्यावर शेकोट्या पेटवतात, मासे भाजतात. हेच सण जहाजातून आपल्या किनाऱ्यावर आले आणि नेमके मृगाच्या पावसात सापडले. मग किनाऱ्याने त्यांना आपलं रूप दिलं. गोव्यात २४ जूनच्या सांजांवला तरुण मुलं डोक्यावर फुलापानांचा कोपेल घालून भरलेल्या विहिरीत उड्या मारतात, आणि शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. २९ ला बार्देशात होड्या जोडून सांगोड, म्हणजे तरंगता मंच, करतात. आगीचा सण पाण्याचा झाला. तुला तो पाहायचा असेल तर जूनमध्ये गोव्याला जा आणि दोन दिवस काढून जा.

वसईचा मे वेगळा आहे. त्याच्या मागे १७३९ सालचा उन्हाळा आहे. फेब्रुवारीपासून चिमाजी आप्पांच्या मराठी फौजेचे मोर्चे पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या किल्ल्याला लागले होते. पावसाळा तोंडावर आला होता. तो सुरू झाला असता तर खंदक आणि सुरुंग पाण्याने भरले असते आणि समुद्राकडून नवी कुमक येण्याची वाट पाहत पोर्तुगीज आणखी काही महिने तग धरून राहिले असते. म्हणून शेवटच्या दिवसांत सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडवून तटाला खिंडार पाडलं आणि माणसं त्यातून आत घुसली. १६ मे रोजी तहावर सह्या झाल्या. मे महिन्यात तिथे विजयाचा उत्सव होतो तो याचा. उन्हात त्या तटाशी उभा राहशील तेव्हा लक्षात घे की ती माणसं याच उन्हात खंदक खणत होती.

पण उत्सवात नुसता जयजयकार ऐकून परत येऊ नकोस. तहाच्या अटी वाच, इंटरनेटवर सहज मिळतील. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू दिलं. जे रयत म्हणून मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. पोर्तुगीज आठवड्याभरात निघून गेले. राहिले ते इथलेच लोक, दोनशे वर्षांत ख्रिस्ती झालेले शेतकरी, कोळी, बागायतदार. त्यांची मुलंबाळं आज वसईत आहेत, घरात कुपारी किंवा वाडवळी बोलतात, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यांच्यातलेच. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. माझ्या मते वसईत पाहण्याजोगं सगळ्यात मोठं जर काही असेल तर हे आहे. तट पडला, राज्य गेलं, गाव टिकलं. म्हणून तुझ्या दिवसाचा निम्मा भाग मी दगडांना देतो आणि निम्मा माणसांना.

तुझ्या ऑफिसातल्या ज्या वसईकर मित्राने जेवायला बोलावलं आहे त्याला आजच होकार कळव. मे हा त्यांच्याकडे लग्नसराईचा महिना, घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. ऐन वेळी चार जण दारात उभे राहिलात तर त्याच्या आईची धावपळ होईल. किती जण येणार, कोण मांसाहार करत नाही, हे आधी सांग. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. त्याच्या आजी घरी असतील तर त्यांच्याजवळ बसून त्यांच्या बोलीत दोन गोष्टी ऐक. आपल्या मराठीपेक्षा ती वेगळी आहे, पण कान दिलास तर बरंचसं कळेल. त्यांच्या पिढीतल्या काही बायका अजून लाल लुगडं नेसतात. त्यांचा फोटो काढायचा असेल तर आधी विचार, आणि त्या नको म्हणाल्या तर फोन खिशात ठेव.

आता किल्ल्याचं. सकाळी सहाच्या सुमारास भाईंदरहून विरार गाडी पकड. मधे नायगाव, मग वसई रोड. खाडीच्या पुलावरून जाताना पाणजू बेट आणि मिठागरं दिसतील. स्टेशनच्या पश्चिमेकडून किल्ल्याकडे बस जाते, रिक्षाही मिळतात. सातच्या आत तटाशी पोहोचायला हवं, कारण साडेदहानंतर तिथे थांबणं शहाणपणाचं नाही. तुला वाटेल, लखनौची लू सोसलेल्या मुलाला कोकणच्या उन्हाचं काय? इथेच फसगत होते. आपल्याकडचा उष्मा कोरडा, घाम लगेच सुकतो आणि अंग निवतं. तिकडे पारा आपल्यापेक्षा पाच-सात अंश कमी दाखवतो, पण हवेत इतकं बाष्प असतं की घाम सुकतच नाही, आणि अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पायात गोळे आले, की लगेच सावलीत बसायचं, ओला रुमाल मानेवर ठेवायचा, मीठ-साखर-पाणी घोटाघोटाने घ्यायचं. कोणी असंबद्ध बोलायला लागला तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखान्यात न्यायचं. माणशी दोन लिटर पाणी घरून न्या. टोपी घाला. पायात बूट हवेत, कारण आत गवत, पडके दगड आणि मुळं आहेत.

किल्ल्यात शिरलास की समोर जे येईल ते पाहत सुटू नकोस. सरळ चालत आधी समुद्राच्या दरवाजापर्यंत जा आणि तिथून पाहायला सुरुवात कर. ते शहर समुद्राकडे तोंड करून बसलेलं होतं. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली, आणि मग दोनशे वर्षं ती त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी होती. इथे जहाजं बांधली जात. इथला काळा दगड गोव्याला जाई, जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागाला वसईचाच दगड आहे. दरवाजाजवळच संत जोसेफचं चर्च आहे, त्याचा मनोरा अजून उभा आहे. मग आतला छोटा बालेकिल्ला, सगळ्यात जुना. मग जेझुइटांचं चर्च, आणि फ्रान्सिस्कनांचं संत अँथनीचं चर्च. या शेवटच्यात खाली फरशीकडे पाहत चाल. तिथे थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत. त्यांवर पाय देऊ नकोस. नावं वाचता येतात का बघ. जेझुइटांच्या चर्चला आज गोन्सालो गार्सियाचं नाव आहे. हा वसईत जन्मलेला मुलगा जपानला गेला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. याच तटाच्या आत नागेश्वराचं देऊळ आहे, हनुमानाचंही आहे. तिथेही जा.

सगळं पाहून होणार नाही. दोन चर्च कमी पाहिलीस तरी चालेल, पण संत अँथनीच्या चर्चला अर्धा तास दे. चर्चमधल्या घंटा कुठे गेल्या असं कोणी विचारलं तर सांग, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे आणि एक वाईजवळ मेणवलीला. दोन्ही अजून टांगलेल्या आहेत.

आणखी एक गोष्ट, तिच्याबद्दल मी तुला लहानपणापासून सांगत आलो आहे. आपल्या लखनौच्या रेसिडेन्सीत १८५७ च्या तोफगोळ्यांनी पडलेल्या भोकांशेजारी लोकांनी खिळ्याने कोरलेली नावं तू पाहिली आहेस. लखौरी विटांवरची ती नावं पाहून मला नेहमी संताप येतो. वसईतही तेच चालतं. भिंतींवर नावं, बदाम, तारखा. लग्नाआधीचे फोटो काढायला येणारे कमानींवर चढतात. तुझ्या मित्रांपैकी कोणी किल्ली काढून दगडाशी उभा राहिला तर त्याला थांबव. वाईट दिसेल, मैत्री ताणली जाईल, तरी थांबव. उत्सवाच्या दिवशी गर्दी असते, कागदाच्या पुड्या आणि बाटल्या पडतात. आपल्या तर उचलाच, शेजारच्या चारही उचला.

वादही ऐकायला मिळतील, आजकाल इतिहासावरून लवकर आवाज चढतात. कोणी म्हणेल पोर्तुगिजांनी देवळं पाडली, धर्मासाठी छळ केला. ते खरं आहे, नाकारू नकोस. पण त्याच तोंडाने तिथल्या ख्रिस्ती माणसाला परका म्हणत असेल, तर तिथे गप्प बसू नकोस. १७३९ मध्ये ज्यांनी तो किल्ला जिंकला त्यांनी त्याला परका म्हटलं नव्हतं. आणि विजयाचा अभिमान बाळगणाऱ्याने ३१ डिसेंबर १८०२ ही तारीखही लक्षात ठेवावी. त्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचं स्वातंत्र्य लिहून दिलं. एकाच गावाने दोन्ही पाहिलं.

इथे लखनौत आता हनुमानाचा बडा मंगल जवळ आला. रायबरेली रोडवर मांडव पडायला लागले आहेत, पुरी-भाजीचे आणि सरबताचे भंडारे लागतील. अलीगंजचं जुनं हनुमान मंदिर नवाबाच्या घरातल्या बेगमेने बांधलं असं इथे सगळे सांगतात, आणि कळसावरचा चंद्र दाखवतात. तू त्या रांगेत उभा राहून कोणी कोणाचा जात-धर्म न विचारता वाढलेलं सरबत प्यायला आहेस. वसईत तू परगावचा म्हणून जाशील, पण अशा गावात वाढलेला मुलगा म्हणून तुला तिथलं समजायला वेळ लागू नये.

आता दिवसाचा उरलेला भाग. किल्ल्यावरून मित्राकडे जा, दुपारी जेवून तिथे दोन तास आडवा हो. चारनंतर वसई गावात झेंडा बाजाराकडे फिर, ताडगोळे मिळाले तर खा, आणि विजयदिनाचा कार्यक्रम असेल तर संध्याकाळी पुन्हा किल्ल्यावर ये. परतताना गाडीऐवजी रो-रो बोटीने भाईंदरला जा. फेब्रुवारी २०२४ पासून ती सुरू आहे, धक्का किल्ल्याला लागूनच आहे, आणि खाडी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. शेवटची बोट किती वाजता आहे ते सकाळीच धक्क्यावर विचारून ठेव, ऐन वेळी धावू नका. बोट चुकली तर रिक्षाने स्टेशन, गाड्या रात्री उशिरापर्यंत आहेत.

काकूने सुकेळी सांगितली आहेत. राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, सुक्या पानात बांधलेली. रस्त्यावर दिसतील ती घेऊ नकोस, मित्राच्या आईला विचार, त्यांना कुठली चांगली ते ठाऊक असेल. दोन जुड्या घे आणि गणपतीला येशील तेव्हा आण. पैसे मी पाठवतो.

तारीख ठरली की कळव. काकू तिच्या भावाला फोन करून ठेवणार आहे, म्हणजे काही अडलं तर तिथे आपलं माणूस असेल.

तुझा,
काका