बाळंतिणीचे समाधान

भारतात 2005-06 साली सुमारे 39 टक्के बाळंतपणे रुग्णालयात होत. 2019-21 मध्ये हे प्रमाण 89 टक्क्यांच्या आसपास गेले. पण तेथे बाळंतिणीचे समाधान होते काय? घरी जाताना विचारले, तर ‘सगळे चांगले झाले’ असेच उत्तर बहुधा मिळते. मूल सुखरूप हाती आले, की ऐकलेली बोलणी मागे पडतात. शिवाय पुन्हा त्याच दारी यायचे असते! म्हणून समाधान नव्हे, घडले काय ते विचारावे. तपासण्यापूर्वी सांगितले का? पडदा होता का? कळा येत असता आई किंवा सासू जवळ होती का? 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने सन्मानाची वागणूक व सोबतीण यांना गुणवत्तेतच धरले आहे. मात्र हे प्रश्न परिचारिकेने खाटेशी उभे राहून नव्हे, तर बाहेरच्या कुणी बाईने, बाळंतीण घरी स्थिरावल्यावर विचारावेत.