हवेचा लॉक की विजेचा लॉक?

आपल्या वाचकांत गॅरेजवाले, टर्नर, वायरमन आणि स्पेअर पार्टचे दुकानदार पुष्कळ आहेत. आखातातल्या वर्कशॉपमध्ये काम करून परतलेले कारागीरही आहेत. फोर बाय फोर गाड्यांचा शौक वाढल्यापासून ‘डिफ्रेंशियलला लॉक बसवून द्या’ असे म्हणणारे गिऱ्हाईक त्यांच्याकडे येऊ लागले आहे. काम मोलाचे आहे, पण निवड चुकली तर गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि मिस्त्रीचे नाव जाते. म्हणून आज या विषयाची माहिती देत आहोत.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. त्यासाठी डिफ्रेंशियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. जोर मात्र दोघांना सारखाच देते. एक चाक चिखलात गेले की त्याला फिरायला जेमतेम जोर लागतो, म्हणून घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच जोर मिळतो. गाडी जागीच राहते. लॉक केल्यावर दोन्ही एक्सल एकत्र फिरतात आणि पकड असलेले चाक गाडी ओढून काढते.

हवेच्या लॉकमध्ये छोटा कंप्रेसर, व्हॉल्व्ह आणि बारीक नळी असते. स्विच दाबला की हवा हौसिंगमध्ये जाते, पिस्टन सरकतो आणि साइड गिअर जखडतो. हवा सोडली की स्प्रिंग त्याला मोकळा करते. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा ‘एअर लॉकर’ यात प्रसिद्ध आहे. याचा मोठा फायदा म्हणजे एकाच कंप्रेसरवर पुढचा व मागचा असे दोन्ही लॉक चालतात, आणि कंप्रेसरला जोड दिल्यास टायरमध्येही हवा भरता येते. आखातात वाळूत उतरताना टायरची हवा कमी करतात व रस्त्यावर येताना पुन्हा भरतात. तेथे ही सोय किती कामाची, हे तिकडे राहिलेल्यांना सांगायला नको.

उणीव अशी की जोड जितके जास्त, तितक्या गळतीच्या जागा जास्त. लॉक लावून ठेवल्यावर कंप्रेसर वारंवार चालू होत असेल तर हवा गळते आहे असे समजावे. नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. नळी तुटली तर नवा जोड टाकून वाटेतच काम भागते. पण आतले सील गेले तर डिफ्रेंशियल उतरवण्यावाचून इलाज नाही. स्विच बंद करताना व्हॉल्व्हमधून तेल उडत असेल तर तेल जास्त भरले आहे किंवा सील खराब झाले आहे, असा संशय घ्यावा.

विजेच्या लॉकमध्ये कंप्रेसर नाही, नळी नाही. ईटन कंपनीच्या प्रकारात हौसिंगच्या आत कॉइल असते. करंट मिळाला की तिच्या ओढीने लॉक गुंततो. मात्र गुंतण्यासाठी दोन चाकांच्या गतीत थोडा फरक पडावा लागतो, आणि पुढून मागे गिअर बदलताना काही प्रकारांत लॉक क्षणभर सुटून पुन्हा लागतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत बाहेरून बसवलेली छोटी मोटर हे काम करते. ती महिनोन्‌महिने वापरली नाही तर पाणी व गंज लागून अडकते, म्हणून अधूनमधून कच्च्या रस्त्यावर चालवून पाहावी. विजेच्या लॉकचे फिटिंग सोपे असते, पण वायर आणि कनेक्टर पाण्या-चिखलापासून जपावे लागतात.

मग घ्यावे कोणते? आमच्या मते गिऱ्हाइकाला किंमत सांगण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. लॉक एका एक्सलला हवा की दोन्हींना? वाटेत टायरची हवा कमी-जास्त करावी लागते का? बिघाड झाला तर गाडीजवळ कोण असेल? फक्त मागचा लॉक हवा असेल आणि गाडी पावसाळ्यात वाडीपर्यंत जाऊन परत येणार असेल, तर विजेचा लॉक पुरे. दोन्ही एक्सल, वाळू आणि लांबचा प्रवास असेल तर हवेचा लॉक घ्यावा. किमतीची तुलना करताना हवेच्या लॉकमध्ये कंप्रेसरचा खर्च धरायला विसरू नये.

गाडीत आधीच काय आहे, तेही पाहावे. 2020 च्या महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांत मागे आपोआप लागणारा यांत्रिक लॉक आहे, तर 2024 च्या थार रॉक्सच्या काही फोर बाय फोर आवृत्त्यांत विजेचा. फोर्स गुरखामध्ये पुढेमागे हाताने लावायचे लॉक कंपनीकडूनच येतात. असे असताना पुन्हा खर्च करायला लावणे हा प्रामाणिक धंदा नव्हे.

माल मागवताना एक्सलचा प्रकार, स्प्लाइनची संख्या आणि क्राउन-पिनियनचे प्रमाण लिहून पाठवावे. बसवताना शिम टाकून बॅकलॅश बरोबर जुळवावा, दातांवर निळा रंग लावून ठसा पाहावा. ही सेटिंग चुकली तर लॉक कोणताही असो, क्राउन-पिनियन आवाज करून लवकर खलास होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट केले. म्हणून काम हाती घेण्याआधी आरटीओत चौकशी करावी. कंपनीच्या वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, हेही गिऱ्हाइकाला लेखी कळवावे.

शेवटी, गाडी देताना चालवणाऱ्याला समजावून सांगावे. अडथळा येण्याआधीच, थांबून किंवा अगदी हळू असताना लॉक लावावा. चाक गरगर फिरत असताना नाही. अडचण संपली की लगेच काढावा. डांबरी रस्त्यावर लॉक लावून वळण घेतल्यास टायर घासतात आणि एक्सलवर ताण येतो. पुढचा लॉक असेल तर स्टिअरिंगही जड होते. एवढे पाच मिनिटांचे बोलणे गिऱ्हाइकाचा एक्सल वाचवते आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या कामासाठी आपल्याच दारात परत येते.