आत्मपरीक्षण म्हणजे नुसती चुकांची उजळणी का?

प्रश्न : रात्री प्रार्थनेला बसते तेव्हा जीव दमलेला असतो. ओठ हलतात, मन मात्र उद्याच्या डब्यात. फादरांनी रोज आत्मपरीक्षण करायला सांगितलंय. पण दिवसभराच्या चुका आठवत झोपायचं, तर मन आणखीच खट्टू होणार नाही का?
— एक वाचक, वसई

उत्तर : चुकांपासून सुरुवात केलीत तर नक्की होईल. ही साधना शिकवणाऱ्या संत इग्नाशियस लोयोला यांनी सुरुवात तिथून केलेलीच नाही. त्यांच्या पाच पायऱ्यांतली पहिली कृतज्ञतेची. मग स्वतःला नीट पाहता यावं म्हणून कृपा मागायची, उठल्यापासूनचा दिवस तासातासाने नजरेखालून घालायचा, क्षमा मागायची आणि सुधारण्याचा निश्चय करायचा.

पहिल्या पायरीवर रेंगाळा. ‘देवा, सगळं दिलंस’ म्हणून उरकू नका. लोकलमध्ये कुणी सरकून चौथी सीट दिली असेल, तर तो चेहरा आठवून आभार माना. संध्याकाळी मुलावर ओरडलात त्या क्षणाशीही असंच थांबा. ओरडण्याआधी काय घडलं होतं? राग खरंच त्याचा होता, की दुपारी ऑफिसात गिळलेला?

हे थांबून पाहणं इग्नाशियस अंथरुणात शिकले. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. पडल्यापडल्या वाचायला त्यांनी वीरकथा मागितल्या. घरात निघाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र सरल्यावरही आनंद मागे ठेवायचा. धावपळीत हा फरक त्यांना कळला असता, असं मला वाटत नाही. मन बदलायला सुरुवात झाली ती या निरखण्यातून.

सगळे दोष एकदम हाती घेऊ नका. इग्नाशियस एकच निवडायला सांगतात. तो घडला की हात छातीला लावायचा. भर ऑफिसातही कुणाच्या लक्षात येत नाही. वहीत रोजच्या दोन रेघा आखायच्या, दुपारी एकीवर आणि रात्री दुसरीवर तेवढे ठिपके द्यायचे, आज कालच्याशी ताडून पाहायचं. एवढी साधी, हाताने करायची ही साधना आहे, आणि म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास आहे.

राहिला थकव्याचा प्रश्न. इग्नाशियस यांनी स्थापलेल्या येशूसंघाच्या नियमात हे परीक्षण दिवसातून दोनदा आहे. गोव्यातल्या साष्टीत धर्मगुरूची कामं सांभाळून सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे, म्हणजे एवढ्या व्यापात हाच नियम त्यांनाही. तेव्हा सगळा भार रात्रीवर टाकू नका. दुपारी डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं बाजूला बसा. मला विचाराल, तर रात्री फारच दमल्या असाल तेव्हा पहिल्या पायरीपाशी थांबून खुशाल झोपा.