शेजारचा दिसतो, घरचा दिसत नाही

लॅपटॉपच्या यादीत समोरच्यांचा वायफाय दिसत होता. मागच्या घरातल्या काकींचा दिसत होता. आमचे दोघांचे फोन ज्या वायफायवर चालले होते, त्याचं नाव मात्र यादीत कुठेच नव्हतं, आणि राउटर माझ्यापासून चार हातांवर, कपाटावर लुकलुकत होता.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. रोह्यापलीकडच्या आमच्या अष्टमी गावात पावसानं आठवडाभर उसंत दिली नव्हती, दिवसातून दोन-तीनदा लाईट जायची. लेकीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन तोंडावर आलेली. मी घरी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते, प्रश्नपत्रिका याच लॅपटॉपवर तयार करते. लॅपटॉप दादाने अमेरिकेतून येताना आणलेला, तीन वर्षं बिनतक्रार चाललेला. जूनमध्ये नेटवाल्यांनी राउटरचा जुना डबा काढून नवीन बसवून दिला होता. तोही पंधरा दिवस नीट चालला, म्हणून तो बदल आम्ही विसरूनही गेलो होतो. तिथेच चूक झाली. बिघाड झाला की आधी विचारावं, गेल्या महिन्याभरात घरात काय बदललं? मी तो प्रश्न स्वतःला विचारला नाही.

पहिला संशय घरावर गेला. भिंती जुन्या, हातभर जाड. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाल्यावर वर पत्रे घातलेले. पत्रा वायफायच्या लहरी अडवतो, जाड ओल्या भिंतीतही त्या मंदावतात, हे खरं आहे. पण त्याच टेबलावर माझ्या फोनला चारही दांड्या पूर्ण दिसत होत्या. भिंत फोनला एक आणि लॅपटॉपला दुसरा न्याय लावत नाही. एवढ्यावर भिंतीचा संशय मिटायला हवा होता. आम्ही मात्र दोन दिवस राउटर या खोलीतून त्या खोलीत हलवत राहिलो.

मग नेटवाल्यांकडे तक्रार केली. मुलगा पावसातून भिजत आला, स्वतःच्या फोनवर व्हिडिओ लावून दाखवला, म्हणाला, "ताई, लाईन एकदम ओके आहे, तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम." त्याचं म्हणणं मला पटलं. फोन चालतो, लॅपटॉप चालत नाही, म्हणजे दोष लॅपटॉपचा, हा हिशेब कोणालाही पटेल असाच आहे. त्यात अर्धीच माहिती होती. उरलेली अर्धी त्या यादीतच माझ्यासमोर होती. लॅपटॉपला शेजारचे वायफाय दिसत होते, म्हणजे त्याचं वायफायचं कार्ड जिवंत होतं.

पूल ओलांडून लॅपटॉप रोह्याच्या बाजारात एका दुकानात दिला. दुकानदार म्हणाला, "विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल. डेटा हवा आहे का?" मी म्हटलं, प्रश्नपत्रिका तेवढ्या काढून ठेवा. त्या वेळी मला तेवढंच आठवलं. एक फोल्डर आठवला नाही. आमचे सासरे, अण्णा, रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला दरवर्षी जायचे. ते गेले त्याच्या आदल्या दसऱ्याला दादाने त्याच्या कॅमेऱ्यातून त्यांचे फोटो काढले होते आणि याच लॅपटॉपवर उतरवले होते. कॅमेऱ्याचं कार्ड नंतर पुसून पुन्हा वापरलं. फोटोंची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती.

संध्याकाळी दुकानदाराने त्याच्या वायफायवर लॅपटॉप चालवून दाखवला. दुकानात चालला, मी पैसे दिले, घरी आणला. घरी पुन्हा तेच, शेजारचा दिसतो, घरचा दिसत नाही. अण्णांचे फोटो गेल्याचं दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. एकदा फॉरमॅट करून त्यावर विंडोज आणि बाकीचं सगळं नव्याने भरलं की जुनं परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही. तरीही एका ठिकाणी प्रयत्न करून घेतला. हाती काही आलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी रात्री लाईट गेली, पहाटे आली, आणि सकाळी लॅपटॉपवर घरचा वायफाय आपोआप दिसला. आदल्या दिवशी मी टेबल खिडकीकडे सरकवलं होतं, त्याचा गुण आला असं मी धरून चालले. तीन दिवस सगळं सुरळीत. चौथ्या दिवशी पुन्हा गायब, आणि तो नेमका इंजिनिअरिंग प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, ऑप्शन फॉर्मचा शेवटचा दिवस. लेकीनं फोनचा हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉपला तो क्षणात दिसला, आणि कॉलेजांचा पसंतीक्रम तिनं वेळेत भरून टाकला. फॉर्म गेला या आनंदात हॉटस्पॉट लगेच सापडला, या गोष्टीकडे पुन्हा दुर्लक्ष झालं.

उलगडा केला तो लोणेऱ्याच्या विद्यापीठात शिकणाऱ्या शेजारच्या मुलाने. शनिवारी घरी आला होता. त्यानं लॅपटॉपला हातही लावला नाही. आधी विचारलं, "काकी, कधी दिसतो आणि कधी जातो, काही लिहून ठेवलंय का?" लिहिलेलं नव्हतं, पण आठवून आठवून सांगताना माझ्याच लक्षात आलं की दिसणं असो की गायब होणं, दोन्ही लाईट जाऊन आल्यानंतरच घडत होतं. मग त्यानं विचारलं, लॅपटॉप कुठून घेतला? अमेरिका म्हटल्यावर तो हसला आणि फोनवर वायफाय ॲनालायझर उघडून माझ्यापुढे धरला. आमचा राउटर १३ नंबरच्या चॅनलवर बोलत होता.

त्याने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. साधा वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. आपल्याकडे २००५ पासून हा पट्टा घरगुती वापरासाठी विनापरवाना खुला आहे. पट्ट्याचे बारीक भाग पाडलेत, त्यांना चॅनल म्हणतात. १ नंबरचा चॅनल २४१२ मेगाहर्ट्झवर, पुढचा प्रत्येक ५ मेगाहर्ट्झ पुढे, असं करत १३ वा २४७२ वर. भारतात १ ते १३ वापरता येतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे १ ते ११. त्यामुळे तिकडच्या बाजारासाठी बनवलेली काही वायफाय कार्डं ११ च्या पुढे ऐकतच नाहीत. राउटर १२ किंवा १३ वर गेला, की अशा लॅपटॉपच्या लेखी तो घरात नाहीच. पासवर्ड चुकला असा संदेश येत नाही, सिग्नल कमी आहे असं दिसत नाही, नावच उमटत नाही.

आणि लाईटचा संबंध? नव्या डब्यात चॅनलची निवड 'ऑटो'वर होती. लाईट येऊन राउटर नव्याने सुरू झाला, की तो आजूबाजूची गर्दी चाचपून मोकळा चॅनल धरतो. कधी ६, कधी ११, कधी १३. आमच्या आळीत घरोघरी वायफाय आले आहेत, त्यामुळे तो वरच्या टोकाला जायचा. जुना डबा एकाच चॅनलवर बसलेला असणार. टेबल सरकवण्याचा काहीही संबंध नव्हता.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तो पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाकून आत गेलो, वायरलेसच्या पानावर २.४ च्या पट्ट्यात 'ऑटो' काढून ६ केला. १, ६ आणि ११ हे एकमेकांवर न चढणारे चॅनल आहेत, त्यातला शेजारी कमी वापरतात तो घ्यावा. लॅपटॉपवर नाव लगेच आलं. पुढच्या वेळी लाईट जाऊन आल्यावरही टिकलं.

तुमच्या घरी हीच तक्रार आली तर कारण हेच असेल असं नाही. पण दोन प्रश्नांची उत्तरं आधी घ्या, आणि ती मिळेपर्यंत कोणालाही काहीही पुसू देऊ नका. लॅपटॉपला दुसरा एखादा वायफाय दिसतो का? शेजारी कोणाचा नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावून बघा, फक्त तो २.४ वर ठेवा. आणि घरचा वायफाय दुसऱ्या फोनला दिसतो का?

लॅपटॉपला एकही वायफाय दिसत नसेल, तर दोष त्याच्यात शोधायचा. एअरप्लेन मोड चुकून लागला असेल. जुन्या लॅपटॉपला कडेला एक बारीक सरकतं बटण असतं, कीबोर्डवर अँटेनाचं चित्र असलेली कळ असते. मुलांच्या हातून ती दाबली जाते आणि घरभर शोध सुरू होतो. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरखाली वायफायचं कार्ड दिसतं का ते पाहा. पिवळं चिन्ह असेल किंवा कार्डच नसेल तर ड्रायव्हरचा घोळ असू शकतो. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा, या अडचणीत फोन यूएसबीच्या वायरने जोडून टेदरिंग चालू करा. लॅपटॉप हल्लीच कोणी उघडला असेल आणि आता फक्त राउटरला चिकटल्यावरच नाव दिसत असेल, तर आत कार्डाला जोडलेल्या दोन बारीक वायरींपैकी एखादी सुटली असेल. दुकानात परत नेऊन तेवढंच बघायला सांगा.

लॅपटॉपला बाकी सगळे दिसतात, घरचाच दिसत नाही, असं असेल तर राउटरकडे वळा. चॅनलची गोष्ट सांगून झाली. परदेशातून लॅपटॉप आलेल्या घरांनी ती आधी तपासावी, आणि आपल्या रोहा-पेण भागात अशी घरं कमी नाहीत. दुसरी शक्यता ५ गिगाहर्ट्झची. नवे डबे दोन्ही पट्ट्यांवर बोलतात, पण कोणी २.४ बंद करून ठेवला असेल तर जुन्या लॅपटॉपला घरचा वायफाय दिसणार नाही. कार्डाच्या नावात किंवा माहितीत फक्त बी, जी, एन ही अक्षरं असली तर बहुतेक ते २.४ पुरतंच असतं. तिसरी, सुरक्षेच्या नावाखाली वायफायचं नाव लपवून ठेवलेलं असणं. ते फोनमध्ये आधीपासून साठवलेलं असतं म्हणून फोन चालतो, आणि नव्याने फॉरमॅट केलेला लॅपटॉप आंधळा होतो. नाव लपवून चोर थांबत नाही, चांगला पासवर्ड ठेवा आणि नाव उघडं राहू द्या.

विंडोजमधला 'नेटवर्क रीसेट' मी शेवटी ठेवते. त्याने फाइली जात नाहीत, पण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, ते आधी वहीत उतरवून घ्या. फॉरमॅटची गोष्ट कोणी काढली, तर त्या दिवशी लॅपटॉप दुकानात ठेवू नका. घरी आणा, बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवा, घरातल्या प्रत्येकाला विचारा की तुझं यात काय आहे, मगच न्या. माझ्याकडून तो प्रश्न विचारायचा राहिला, आणि दुकानदाराने तर मला विचारलं होतं.

राउटरवर आता पांढऱ्या पट्टीवर पेनाने "चॅनल ६" लिहिलंय, खाली तारीख. दादाला फोटोंचं कळवल्यावर त्याने जुन्या मेलमध्ये शोधाशोध केली. त्याने मित्राला पाठवलेले दोन फोटो सापडले. एकात पालखीपुढची गर्दी आहे, दुसऱ्यात अण्णा पाठमोरे उभे आहेत, धोतराचा सोगा हातात धरून. चेहरा दिसेल असा त्यातला एकही नाही.