न जाणारी खरखर

रेडिओ लावला आणि स्टेशन नीट लागले नाही, तर काय ऐकू येते? खर्र खर्र असा आवाज. आपण रेडिओचा कान पिळतो. गाणे लागले की खरखर विसरतो. अमेरिकेतल्या दोन माणसांनी मात्र एका खरखरीचा वर्षभर पिच्छा पुरवला. त्यांची ही हकीकत.

त्यांची नावे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन. न्यू जर्सी राज्यात होमडेल गाव आहे. तिथल्या क्रॉफर्ड टेकडीवर बेल टेलिफोन प्रयोगशाळेने एक प्रचंड कर्णा उभारला होता. लग्नात लाउडस्पीकरचा कर्णा असतो ना, साधारण तसाच. पण ५० फूट लांब, आणि तोंड २० फुटांचे. लाउडस्पीकरचा कर्णा आवाज बाहेर फेकतो. हा कर्णा आकाशातून येणाऱ्या रेडिओच्या लहरी आत गोळा करी. १९६० साली 'एको' नावाचा एक मोठा चकचकीत फुगा आकाशात सोडला होता. त्यावर आपटून येणारे संदेश पकडायला हा कर्णा बांधला. पुढे तो या दोघांना आकाशाच्या अभ्यासासाठी मिळाला.

आता एक गोष्ट आधी समजून घेऊ. चुलीजवळ बसले की अंगाला धग लागते. चूल आपल्याला शिवत नाही, तरी धग येते. कारण ऊन वस्तू लहरी बाहेर टाकते. वस्तू निवत गेली की या लहरी कमी होतात, पण थांबत नाहीत. भिंत, जमीन, हवा, तुम्ही, मी, सगळ्यांतून थोड्या रेडिओ लहरी निघत असतात. यंत्राला त्याच खरखर म्हणून ऐकू येतात. म्हणून शास्त्रज्ञ ही खरखर चक्क उष्णतेच्या अंशांत मोजतात. आणि हे अंश बर्फापासून मोजत नाहीत बरं का. थंडीलाही तळ आहे. तो बर्फाच्या खाली २७३ अंशांवर. तिथे शून्य धरायचे आणि वर मोजत यायचे.

आपण तेलाला भांडे घेऊन जातो, तेव्हा दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो. धडा चुकला की तेलाचे वजन चुकले. आकाशाची ऊब मोजतानाही तसेच आहे. हवेची ऊब, कर्ण्याच्या धातूची ऊब, हे सारे आधी वजा करायला हवे. शिवाय खात्रीचे वजनही पाहिजे. त्यासाठी या दोघांनी हेलियम वायू घेतला. तो फार थंड केला की पाण्यासारखा पातळ होतो. तेव्हा त्याची उष्णता तळापासून जेमतेम चार अंश असते. यंत्राला एक कळ होती. ती एकीकडे फिरवली की यंत्र हेलियमची ऊब घेई, दुसरीकडे फिरवली की कर्ण्याची. दोन्ही ताडून पाहायच्या.

१९६४ साली त्यांनी कर्णा थेट डोक्यावर रोखला. ७.३५ सेंटीमीटर लांबीच्या लहरी मोजायला घेतल्या. कर्णा हेलियमपेक्षा थंड निघायला हवा होता. तो निघाला जास्त ऊन! एकूण ६.७ अंश.

हिशेबाला बसले. हवेचे किती? कर्णा हळूहळू खाली झुकवला, की त्याच्यापुढे हवेचा थर जाड होत जातो. त्याबरोबर खरखर किती वाढते ते पाहिले. त्यावरून हवेचे २.३ अंश ठरले. कर्ण्याचा धातू आणि मागून शिरणारी जमिनीची ऊब मिळून ०.९. बाकी राहिली ३.५.

ही बाकी कोणाच्या नावावर मांडायची? न्यूयॉर्क शहर जवळच. त्या दिशेला कर्णा रोखून पाहिला. शहराचा दोष नाही. कोणत्याही दिशेला पाहा, खरखर तेवढीच. ऋतू बदलले, तरी तेवढीच. कर्ण्यात पारव्यांच्या जोडीने घर केले होते आणि आत विष्ठेचा पांढरा थर बसला होता. पारवे पकडून दूर सोडले. ते परत आले! शेवटी त्यांना मारावे लागले. कर्णा धुऊन काढला. पत्र्यांच्या सांध्यांवर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवल्या. खरखरीत फरक पडला तो नावापुरता.

दुसरा कोणी असता, तर "यंत्रच तसे आहे" म्हणून मोकळा झाला असता. यांना आपल्या धड्याची खात्री होती.

तिथून जवळच प्रिन्स्टन विद्यापीठ आहे. तिथे रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सोबती हीच ऊब शोधायला यंत्र बांधत होते. पेन्झियसना एका ओळखीच्या शास्त्रज्ञाकडून हे कळले. त्यांनी डिकींना फोन केला, आणि कोडे सुटले. १९६५ साली दोन्ही गटांचे लेख एकाच अंकात छापून आले.

डिकींच्या गटाचे म्हणणे असे: विश्व आरंभी अतिशय तप्त होते. नंतर ते फुगत गेले. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी ते इतके निवले, की प्रकाश मोकळा सुटला. तेव्हा उष्णता ३,००० अंशांच्या आसपास होती. त्यानंतर सुमारे १,३८० कोटी वर्षे विश्व फुगतच आहे. त्याबरोबर तो प्रकाश ताणला गेला आणि त्याच्या रेडिओच्या लहरी झाल्या. तीच ही ऊब. ती सगळीकडून येते, कारण तो प्रकाश साऱ्या विश्वातच भरलेला होता.

हे सर्वांना लगेच पटले असे नाही. विश्वाला आरंभच नाही, असे फ्रेड हॉइल म्हणत. विल्सनना स्वतःलाही तेच मत आवडे. कोल्हापूरला जन्मलेले आपले जयंत नारळीकर हे हॉइल यांचे शिष्य. हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ साली या उबेचा निराळा उलगडा मांडला. ताऱ्यांचाच प्रकाश लोखंडाचे बारीक तंतू शोषून घेतात आणि पुन्हा सोडतात, असे ते म्हणत. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते मानले नाही. पण ऊब आहे, याबद्दल दोन्हीकडे वाद नव्हता.

१९७८ साली पेन्झियस आणि विल्सन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८९ साली 'कोबे' नावाचा उपग्रह हीच ऊब मोजायला वर गेला. तिथे हवेचा अडथळा नाही, पारवेही नाहीत. त्याचे माप आले २.७३ अंश. होमडेलच्या दोघांनी आपल्या ३.५ पुढे लिहून ठेवले होते: एक अंश कमी किंवा जास्त.