आकाशवाणीचा अभाव : एडगर अ‍ॅलन पोच्या कवितेतील मृत प्रेयसीचा शोक

प्रिय व्यक्तीच्या मृत्यूचा शोक हा काव्याचा फार जुना विषय आहे. परंतु शोकाच्या पोटातच भय असते आणि त्या भयाचा उगम मृताविषयीच्या प्रीतीत असतो, ही जाणीव पाश्चात्त्य काव्यात 'गॉथिक' परंपरेने विशेष ठळक केली. या परंपरेचा विचार आपल्याकडे बहुधा कादंबरीच्या अंगाने होतो. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' (१७६४), पडके किल्ले, तळघरे, शापित घराणी असा तिचा परिचय करून दिला जातो, आणि कविता बाजूला राहते.

वस्तुतः कविता कादंबरीच्या आधीची आहे. एडवर्ड यंगचे 'नाइट थॉट्स' (१७४२-४५), रॉबर्ट ब्लेअरचे 'द ग्रेव्ह' (१७४३) या 'स्मशानकवीं'च्या रचनांतून रात्र, थडगे, घुबड ही सामग्री रूढ झाली होती. मात्र त्यांची ओढ उपदेशाकडे होती. थडगे हे मर्त्यतेची आठवण देणारे साधन होते. त्या थडग्याला प्रेमाची बाजू दिली ती जर्मन कवी ब्युर्गरच्या 'लेनोरे' (१७७४) या कथाकाव्याने. युद्धाहून न परतलेल्या प्रियकरासाठी लेनोरे ईश्वराला दूषणे देते. मध्यरात्री घोडेस्वार येतो, तिला घेऊन दौडत निघतो आणि लग्नशय्येऐवजी स्मशानात पोहोचवतो. १७९६ मध्ये वॉल्टर स्कॉटसह अनेकांनी ही कविता इंग्रजीत आणली. शोकाला मर्यादा न राहिल्यास मृत खरोखरच परत येतो, हे तिचे भयसूत्र आहे.

एडगर अ‍ॅलन पोने (१८०९-१८४९) हे सूत्र उलटे केले. त्याच्या कवितेत मृत परत येत नाही. भय आहे ते या न येण्याचे.

'द रेव्हन' ही कविता २९ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्कच्या 'ईव्हनिंग मिरर'मध्ये प्रसिद्ध झाली. अठरा कडव्यांच्या या कवितेचा घटनाक्रम साधा आहे. डिसेंबरची मध्यरात्र, लेनोरच्या मृत्यूचे दुःख विसरावे म्हणून निवेदक जुने ग्रंथ चाळतो आहे. दारावर टकटक होते. तो दार उघडतो. बाहेर केवळ अंधार. त्या अंधारात तो तिचे नाव कुजबुजतो आणि परत येतो तो त्याच शब्दाचा प्रतिध्वनी. मग खिडकीतून डोमकावळा आत येतो, ज्ञानदेवता पॅलासच्या अर्धपुतळ्यावर बसतो आणि प्रत्येक प्रश्नाला 'पुन्हा कधीही नाही' अशा अर्थाचा एकच शब्द उच्चारतो.

समीक्षकांचे लक्ष पक्ष्याकडे जाते, ते स्वाभाविक आहे. पण दाराशी घडणारा प्रसंग अधिक बोलका आहे. टकटक ऐकल्यावर निवेदकाच्या ओठांवर तिचेच नाव यावे, यातून त्याची न बोललेली आशा कळते. अंधाराने उत्तर दिले नाही, त्याचाच शब्द त्याला परत केला. पुढे पक्षी बोलतो तोही कुणा दुर्दैवी मालकाकडून शिकलेला शब्द, हे निवेदकाला ठाऊक आहे. म्हणजे संपूर्ण कवितेत त्याला दोनच आवाज ऐकू येतात, आणि दोहोंमागे मन नाही.

तरीही तो विचारत राहतो. प्रथम गमतीने नाव विचारतो, मग दुःखावर औषध आहे काय असे, आणि शेवटी दूरच्या नंदनवनात लेनोरची भेट होईल काय असे. उत्तर ठरलेले आहे हे कळल्यानंतरच प्रश्न अधिकाधिक जिव्हारी लागणारे होत जातात. 'द फिलॉसफी ऑफ कॉम्पोझिशन' (१८४६) या निबंधात पोने ही आत्मपीडा हेतुपुरस्सर योजल्याचे सांगितले आहे. सुंदर स्त्रीचा मृत्यू हा सर्वाधिक काव्यात्म विषय होय, हे त्याचे विधानही याच निबंधातले. पालुपदासाठी आपल्याला आधी पोपट सुचला होता, असेही तो सांगतो. निबंधातील हा गणिती थंडपणा कितपत खरा मानावा, हा प्रश्नच आहे. कविता लिहून झाल्यावर तिची कृती सांगणे सोपे असते.

निवेदकाच्या अखेरच्या प्रश्नाचे मोल भारतीय काव्यशास्त्राच्या आधारे अधिक नेमके सांगता येते. भरताने विप्रलंभ 'सापेक्ष' आणि करुण 'निरपेक्ष' मानला: पुनर्भेटीची अपेक्षा असेल तेथे शृंगार, ती संपली की शोक. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने या दोहोंच्या सीमेवर 'करुणविप्रलंभ' ठेवला. दोघांपैकी एक परलोकी गेला, पण पुन्हा लाभणार असेल, तर ही अवस्था. त्याचे उदाहरण 'कादंबरी'तील पुंडरीक-महाश्वेता वृत्तांत. विश्वनाथाची सूक्ष्मता अशी की, पुनर्भेटीचे आश्वासन देणारी आकाशातील वाणी ऐकेपर्यंत तेथे करुणच आहे, वाणीनंतर शृंगार. 'कुमारसंभवा'त रतीच्या विलापाच्या अखेरीसही अशीच वाणी होते आणि रती देहत्यागापासून परावृत्त होते.

'द रेव्हन'मधील निवेदक नेमकी हीच वाणी मागतो आहे. पक्ष्याला तो सैतान म्हणतो, पण त्याच दमात प्रेषितही म्हणतो. कारण आकाशातून उतरलेले दुसरे कोणी त्याच्यापुढे नाही. त्याला मिळालेली वाणी करुणाला विप्रलंभ करण्याऐवजी विप्रलंभाचा उरलासुरला धागा तोडते. भयानकाचा प्रवेश येथे होतो. काळा पक्षी अथवा मध्यरात्र हे त्याचे उद्दीपन विभाव झाले. ज्याची भीती वाटते ती वस्तू म्हणजे 'नाही' हे उत्तर. अखेरीस पक्षी उडून जात नाही, आणि त्याच्या सावलीतून निवेदकाचा आत्मा वर उठत नाही.

मराठी वाचकाला येथे एक विसंगती जाणवेल. ज्ञानदेवांची विरहिणी काऊला शकुन विचारते ती येणाऱ्याच्या ओढीने. दहाव्याच्या पिंडाला शिवणारा कावळा मृताची तृप्ती कळवतो. आपल्याकडे हा पक्षी निरोप आणणारा आहे. पोचा डोमकावळा निरोपाच्या जागी बसलेला, पण निरोप नसलेला पक्षी आहे.

या कवितेचा पोच्या चरित्राशी संबंध जोडताना तारखा पाहाव्यात. त्याची पत्नी व्हर्जिनिया हिला जानेवारी १८४२ मध्ये गाताना रक्ताची गुळणी आली; ती वारली ३० जानेवारी १८४७ रोजी. म्हणजे 'द रेव्हन' हा तिच्या मृत्यूचा शोक नव्हे. तो फार तर येऊ घातलेल्या मृत्यूचा शोक होय. मृत्यूनंतरच्या 'युलालूम'मध्ये (१८४७) निवेदक ऑक्टोबरच्या रात्री स्वतःच्या आत्म्याशी बोलत भटकतो आणि नकळत, वर्षापूर्वी ज्या थडग्याशी तो आला होता त्याच थडग्याच्या दाराशी थांबतो. बुद्धी विसरली तरी पाय विसरले नाहीत. पोच्या निधनानंतर दोन दिवसांनी छापल्या गेलेल्या 'अ‍ॅनाबेल ली'मध्ये तो प्रश्नच विचारत नाही. देवदूतांनी मत्सराने तिला नेले असे ठरवून रोज रात्री थडग्यापाशी निजतो. बालगीताच्या लयीतली ही कविता अनेकांना गोड वाटते. ती पोची सर्वांत भयावह कविता आहे, कारण येथे निवेदकाला भय वाटेनासे झाले आहे.

फ्रॉइडने १९१७ च्या निबंधात शोक आणि विषण्णता यांत भेद केला: शोकात मन गमावलेल्या वस्तूपासून हळूहळू सुटते, विषण्णतेत ते तिला आत घेऊन बसते. पोचे निवेदक दुसऱ्या वर्गातले. स्त्रीवादी समीक्षेचा आक्षेप याहून मूलगामी आहे. लेनोर कशी होती, काय बोले, हे कविता सांगत नाही. तिचे मरण हे पुरुषाच्या वाणीचे निमित्त ठरते. एलिझाबेथ ब्रॉनफेनने १९९२ च्या ग्रंथात मृत स्त्रीदेहाच्या या सौंदर्यीकरणाची चिकित्सा केली आहे. आक्षेप मान्य करावा लागतो. अजाच्या विलापातली इंदुमती गृहिणी, सचिव, सखी, शिष्या म्हणून तरी आठवली जाते. लेनोरचे केवळ नाव उरते.

मात्र त्याच काळात एका स्त्रीने या विषयाला वेगळे वळण दिले होते. एमिली ब्रॉन्टेची 'रिमेम्ब्रन्स' ही कविता मार्च १८४५ ची, म्हणजे 'द रेव्हन'नंतर अवघ्या काही आठवड्यांची. तिच्या कल्पित गोंडल राज्यातील एक स्त्री पंधरा हिवाळ्यांपूर्वी पुरलेल्या प्रियकराशी बोलते. बर्फ, दूरचे थडगे, एकाकी डोंगर ही सामग्री तीच. पण ही स्त्री कोणाकडेही उत्तर मागत नाही. आपण त्याला विसरलो काय, हा प्रश्न ती स्वतःलाच विचारते. आनंद गेल्यावरही जगता येते हे आपण शिकलो, थडग्याची ओढ आपण कठोरपणे दाबली, असे ती सांगते. आणि ती ओढ आजही इतकी मोहक आहे की तिच्या वाटेला पुन्हा जाण्याचे धाडस होत नाही, हेही.