मधातले परागकण काय सांगतात ?



नेहमी आम्ही या पानावर लागणी, बेणेप्रक्रिया नाहीतर खोडव्याची बाळबांधणी यांवर लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गेल्या ज्येष्ठात कामानिमित्त वाशीच्या बाजार समितीत गेलो होतो. आपल्या भागातली कितीतरी पोरे तिथे माथाडी कामाला आहेत. त्यांतल्या एकाने मुक्कामाला कोपरखैरण्याजवळ बोनकोड्याला घरी नेले. त्याचे वडील आपले सभासद, दहा-बारा सातेरीच्या मधपेट्या बाळगणारे. तेही त्या वेळी मुलाकडेच आलेले. जेवताना मधावरून बाप-लेकात जुंपली.

घरात मधाच्या तीन बाटल्या होत्या. पहिली दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतलेली, चिठ्ठीवर 'महाबळेश्वर जांभूळ मध'. दुसरी शेजारच्या इमारतीच्या सज्जाखालचे आग्याचे पोळे काढले तेव्हा पिळून मिळालेली. तिसरी वडिलांनी मंगसरात गावाहून पाठवलेली, आणि त्यांच्या मते खरा मध तेवढा हाच. मुलगा म्हणाला, "आबा, खरं-खोटं कळणार कसं ? काडी लावून पेटते का बघायचं ?" काडी पेटणे, कागदावर न पसरणे, कुत्र्याने न खाणे, या परीक्षांना काही अर्थ नाही, हे आम्ही तिथेच सांगितले. तिन्हींतून थोडा थोडा मध घेतला आणि ओळखीच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतला.

मधमाशी मकरंद गोळा करते तेव्हा फुलातले परागकण मकरंदाबरोबर येतात आणि मधात राहतात. कण अगदी बारीक असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत. पण प्रत्येक झाडाची घडण निराळी. सूर्यफुलाचा कण गोल व काटेरी, धोतऱ्याच्या बोंडासारखा. जांभळाचा लहान, तिकोनी. कारवीचा चांगला मोठा. ज्वारी, मका, ऊस या गवत-कुळातल्यांचा गुळगुळीत गोळा, त्याला एकच भोक. वरचे कवच इतके चिवट की वर्षानुवर्षे मधात जसेच्या तसे टिकते.

रीत सोपी आहे. दहा ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवायचा, पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. मग नळ्या यंत्रात गरगरा फिरवायच्या की कण तळाला बसतात. तो गाळ काचेवर घेऊन निदान तीनशे कण ओळखून मोजायचे. शेकडा ४५ च्या वर एकाच झाडाचे कण असले तर ते प्रमुख, १६ ते ४५ दुय्यम, त्याखाली किरकोळ. स्वित्झर्लंडात फिस्टर यांनी १८९५ साली याची सुरुवात केली. मोजणीची आंतरराष्ट्रीय पद्धत १९७० च्या दशकात ठरली. आपल्याकडे देवडीकर आणि ठकार यांनी १९५३ सालीच महाबळेश्वरच्या डोंगरातल्या मधुवनस्पतींच्या परागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९६२ साली खादी आयोगाची मधमाशी संशोधन संस्था पुण्यात निघाली.

आकडा मात्र डोळे झाकून घ्यायचा नाही. काही झाडे मकरंद कमी देऊन पराग भरपूर टाकतात, निलगिरी त्यांतली. लिंबू-संत्र्याचे उलट, मध त्यांचा असूनही कण थोडे दिसतात. गवतात तर मकरंदच नाही, तिथले कण नुसते आगंतुक. आणि मुलुख एका झाडावरून ओळखत नाहीत, सगळी संगत बघतात. जांभूळ कोकणात आहे, देशावरही आहे. पण जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा एकत्र दिसले की घाटमाथा मनात येतो, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की तिचीही भर पडते.

आता बाटल्या. पहिलीत निम्म्याहून जास्त सूर्यफूल, जोडीला मका-ज्वारी. जांभळाचे कण हुडकावे लागले. मध म्हणून वाईट नसेल, पण तो सपाट पठारावरच्या शेतांतला, चिठ्ठी चुकीची. दुसरीत तिवराचे कण सर्वांत जास्त, बरोबर नारळ आणि पीतमोहर. म्हणजे माश्या ठाण्याच्या खाडीतल्या तिवरांवर आणि रस्त्याकडेच्या झाडांवर जात होत्या. १९७० नंतर सिडकोने इथली भातशेती घेतली, तरी खाडीकाठची तिवरे शिल्लक आहेत हे त्या बाटलीतही दिसले. हा मध पिळून काढलेला असल्यामुळे पराग साठवलेली घरेही त्यात चिरडली आणि कणांची संख्या फुगली, हेही लक्षात घ्यावे लागले.

तिसरीने आमची पंचाईत केली. कण फारच थोडे, आणि मध्ये मध्ये उसाच्या कांड्यातल्या पेशींचे तुकडे. असे तुकडे मधात दिसले तर उसाचा गूळ-पाक मिसळला असे समजतात. डच संशोधकांनी १९९५ साली ही परीक्षा मांडली. आबांना फोनवर विचारले, तेव्हा कळले की पावसाळ्यात माश्या उपाशी म्हणून दसऱ्यानंतरही पाक घातला, तोही साखर महाग म्हणून गुळाचा. लबाडी नव्हती. पण पोळ्यात साठलेला तो पाक मधाबरोबर यंत्रातून निघाला. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोराला कसं सांगू ?" आम्हीच सांगितले.

इथे आपला धंदा आडवा येतो. ऊस आणि मका हवेतला कर्ब इतर बहुतेक झाडांहून वेगळ्या रीतीने घेतात, त्यामुळे त्यांच्या साखरेतला कर्ब प्रयोगशाळेत वेगळा पडतो. मधात अशी साखर शेकडा ७ पेक्षा जास्त निघाली की नमुना नापास. तांदळाचा पाक मात्र या परीक्षेतून सुटतो. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने बाजारातल्या मधांत अशी भेसळ दाखवली ती दुसऱ्या तपासण्यांनी. पराग मोजणेही एकटे पुरत नाही, कारण थोडा खरा मध मिसळला की कण येतातच.

पेट्या असणाऱ्या सभासदांनी पाक फक्त उपासमारीच्या दिवसांत, पांढऱ्या साखरेचाच द्यावा. गुळाने माश्यांना हगवण लागते. फुलोरा सुरू होण्याआधी पाक बंद करावा, पाकाच्या चौकटींवर खूण करून त्या काढणीला घेऊ नयेत. आबांनी यंदा तसे केले आहे. नव्या मधाचा नमुना आमच्याकडे आला आहे, पण अजून काचेवर घ्यायचा आहे.